चिकटवहीतील सुट्टी

सुट्टी संपल्यावर तिचे काय उरते, हा प्रश्न मोठ्या माणसांना पडतो. मुलांना तो पडत नाही. मुले खिसे भरून घरी येतात. शिंपले, चिंचोके, एस.टी.ची तिकिटे, बिस्किटाच्या पुड्यावरचे चित्र, एखादे मोरपीस अशी ती संपत्ती असते. ती कुठल्या तरी डब्यात किंवा वहीच्या पानांत जाऊन बसते. पुढे शाळा सुरू होते, घर आवरताना डबा रिकामा होतो आणि वही रद्दीत जाते. तीस-चाळीस वर्षे लोटतात. मग तीच भावंडे एकत्र जमली की कुणीतरी विचारते, "त्या वर्षी मे महिन्यात आपण आजोळी किती दिवस होतो?" आणि तिघांची तीन उत्तरे येतात.

हे नित्य गळून जाणारे काही धरून ठेवावे, या इच्छेतून जगात एक साधी वस्तू जन्माला आली. आपण तिला चिकटवही म्हणतो. शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासापलीकडे तिचा विचार आपण सहसा करीत नाही. परंतु या वहीला तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या कुटुंबांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या इतिहासातून आम्हांला जे उमगले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चिकटवहीची पूर्वज म्हणजे टिपणवही. युरोपातील विद्वान व विद्यार्थी वाचनात आलेली सुवचने, औषधांच्या कृती, प्रार्थना व हिशेब एकाच वहीत उतरवून ठेवीत. अशी वही फुगत गेली की हवे ते सापडेनासे होई. इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याने यावर सूचीची एक युक्ती शोधली. त्याची ही पद्धत प्रथम फ्रेंच भाषेत १६८६ साली आणि त्याच्या मृत्यूनंतर १७०६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. साठवलेले सापडले नाही तर ते साठवले काय आणि न साठवले काय, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे १७६९ साली जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्रीने इंग्लंडच्या नामवंतांचा चरित्रकोश प्रसिद्ध केला. त्याच्या वाचकांना एक वेगळाच छंद जडला. ज्या व्यक्तीचे वर्णन पुस्तकात आहे, तिचे छापील चित्र मिळवायचे आणि त्या पानाशी जोडायचे. काहींच्या प्रती इतक्या जाड झाल्या की एका ग्रंथाचे अनेक खंड बांधावे लागले. या छंदाला ग्रेंजरचेच नाव पडले. दुसऱ्याच्या छापील शब्दांत आपण जमवलेले काही चिकटवायचे आणि पुस्तक आपले करून घ्यायचे, ही कल्पना येथे रुजली.

हा छंद अजून श्रीमंतांचा होता. तो मुलांच्या हाती आला तो रंगीत छपाईमुळे. आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास जर्मनीत शिळाछापाची कला शोधून काढली. १८३७ साली फ्रान्समध्ये गोदफ्रॉय एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. त्यानंतर जर्मनीतील छापखान्यांतून फुले, देवदूत, पक्षी, बाहुल्या आणि नाताळबाबा यांची उठावदार, कडा कातरलेली छोटी चित्रे ताव्यांनी बाहेर पडू लागली. एका ताव्यावरील चित्रे कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. मुलांनी ती सोडवून वहीत चिकटवायची. जर्मन भाषेत या चित्रांना 'ओब्लाटन' म्हणत. पूर्वी पत्र मोहोरबंद करण्यासाठी वापरीत त्या पिठाच्या चकत्यांचे हे नाव, आणि वेदीवर अर्पण होणाऱ्या बेखमीर भाकरीच्या चकतीलाही जर्मन लोक याच शब्दाने ओळखतात. मुलांच्या खेळातील चित्राला एवढ्या पवित्र वस्तूचे नाव लाभावे, हा योगायोग आम्हांला मोठा गोड वाटतो.

याच काळात नाताळची सुट्टी ही मुलांची सुट्टी होऊ लागली. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जाण्याची सोय झाली होती. १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थाला नाताळात इतकी पत्रे लिहायची होती, की त्याने चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली याच्याकडून एक शुभेच्छापत्रच काढून घेतले. मध्यभागी मेजाभोवती बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न व वस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र होते. मेजावरील लहान मुलाच्या ओठी मद्याचा पेला दाखवल्याबद्दल मद्यपानविरोधकांनी त्यावर टीकाही केली! हेच पहिले छापील नाताळपत्र मानले जाते. पुढे अमेरिकेत बोस्टन येथे लुई प्रँग या जर्मनीतून आलेल्या मुद्रकाने १८७० च्या दशकात रंगीत नाताळपत्रांचा मोठा व्यवसाय उभारला. नाताळ संपला की ही पत्रे टाकून देणे मुलांच्या जिवावर येई. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी कातरी, खळ आणि मोठी वही घेऊन ती बसत. आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातील अशा असंख्य वह्या जपलेल्या आहेत.

त्यांतील एकीची कथा विशेष सांगण्यासारखी आहे. मुलांसाठी परीकथा लिहिणारे डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन कातरकामात निष्णात होते. १८५९ साली त्यांनी आपले स्नेही अडोल्फ ड्रेवसेन यांच्या साहाय्याने, ड्रेवसेन यांची तीन वर्षांची नात क्रिस्टीन हिच्यासाठी एक जाडजूड चित्रवही तयार केली. देशोदेशीच्या मासिकांतील चित्रे कापून त्यांनी ती वहीत लावली आणि काही चित्रांखाली अँडरसन यांनी स्वतःच्या हाताने गमतीच्या ओळी लिहिल्या. त्या वहीतील चित्रे तेव्हा कुठल्याही मासिकात मिळत असत. त्या ओळी मात्र दुसऱ्या कुठल्याही वहीत नव्हत्या. एक आजोबा आणि त्यांचा मित्र एका लहान मुलीचा विचार करीत बसले होते, याची साक्ष आज त्या ओळीच देतात.

सुट्टीचे दुसरे रूप समुद्रकाठचे. इंग्लंडात रेल्वेमुळे साध्या कुटुंबांनाही किनारा जवळ आला, आणि १८७१ च्या कायद्याने काही दिवस बँकांना सक्तीची सुट्टी मिळू लागल्यावर त्या दिवशी किनाऱ्यावर झुंबड उडू लागली. तेथे स्त्रिया व मुले समुद्रशेवाळ गोळा करीत. ते पाण्यात पसरून, कागदावर अलगद उचलून दाबले की शेवाळाच्या स्वतःच्या चिकटपणानेच ते कागदाला धरून राही. मुलांसाठी कथा लिहिणाऱ्या मार्गारेट गॅटी १८४८ साली आजारपणातून उठण्यासाठी हेस्टिंग्ज या किनारी गावी राहिल्या असताना त्यांना हा नाद लागला, आणि १८६३ साली त्यांचा ब्रिटिश समुद्रशेवाळावरील सचित्र ग्रंथ बाहेर पडला. सुट्टीतल्या छंदाची परिणती शास्त्रात झाली, कारण काय मिळाले, कुठे मिळाले आणि केव्हा मिळाले हे त्या नोंदवीत गेल्या.

वह्या वाढल्या तशी चिकटवण्याची कटकटही वाढली. खळ वाळून जाई, पाने फुगत, कपडे खराब होत. प्रसिद्ध अमेरिकन लेखक मार्क ट्वेन स्वतः कात्रणे जमवीत. या त्रासाला कंटाळून त्यांनी पानांवर आधीच गोंदाचे पट्टे असलेली चिकटवही शोधली आणि २४ जून १८७३ रोजी तिचे पेटंट मिळवले. पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबायचे, एवढेच काम. ट्वेन यांच्या नावावर तीन पेटंटे होती. त्यांतले पैसा देणारे हेच ठरले.

यानंतर वहीत छायाचित्र आले आणि सारे बदलले. जॉर्ज ईस्टमन याने १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची फिल्म. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. १९०० साली त्याने अवघ्या एका डॉलरचा 'ब्राउनी' कॅमेरा काढला. पामर कॉक्स याने रेखाटलेल्या, तेव्हा मुलांच्या आवडीच्या असलेल्या बुटक्यांचे नाव त्याने मुद्दाम घेतले, कारण हा कॅमेरा मुलांच्या हाती द्यायचा होता. पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक ब्राउनी खपले. कंपनीच्या जाहिराती सुट्टी, नाताळ आणि कॅमेरा यांची सांगड घालू लागल्या. सुट्टी साजरी करायची म्हणजे तिचे छायाचित्र काढायचे, ही समजूत तेथून घराघरांत शिरली.

आपल्याकडेही हे वारे लवकर पोहोचले. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच निघाली होती. रंगीत शिळाछापाचे तंत्र राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने छापखाना काढून घरोघर नेले. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलवण्यात आला. आपल्या ख्रिस्ती घरांत हे तंत्र पोहोचले ते संतांच्या छोट्या रंगीत चित्रांमधून. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मिळालेले, गुरुदीक्षेची आठवण म्हणून वाटलेले किंवा यात्रेहून आणलेले असे चित्र प्रार्थनेच्या पुस्तकात जपलेले असते. अनेक आज्यांचे प्रार्थनापुस्तक हीच त्यांची चिकटवही होती. घरचा कॅमेरा मात्र आपल्या मध्यमवर्गाकडे उशिराच आला. एका रोलमध्ये १२ चित्रे देणारा 'आग्फा क्लिक-थ्री' ज्याच्या घरी असे, त्याचा मे महिन्यात थाट असे. बारांतील एखादे चित्र फुकट गेले तरी हळहळ वाटे. काळ्या जाड पानांचा अल्बम, मधोमध पातळ झिरझिरीत कागद आणि चित्र धरून ठेवणारे चार कोपरे, हे रूप आपल्यातील पुष्कळांना आठवत असेल.

आता त्या अल्बमकडे नीट पाहू या. त्यात चेहरे आहेत, सुट्टी मात्र फारशी दिसत नाही. वसईतील आजोळ म्हणजे काय होते? रहाटाची कुरकुर, बावखलाच्या काठावरून मारलेल्या उड्या, वाडीतून पाटाने धावणाऱ्या पाण्याबरोबरची शर्यत, उन्हात वाळत घातलेल्या सुकेळ्यांचा वास, नाताळच्या गोठ्यासाठी दहा दिवस आधी पेरलेले गव्हाचे अंकुर, आजीच्या तोंडची बोली. यातील एकही गोष्ट त्या बारा चित्रांत उतरली नाही. उतरली ती अंगणात रांगेने उभी केलेली, उन्हामुळे डोळे बारीक केलेली माणसे. काळ्या पानावर लिहिता येत नसे, म्हणून त्यांची नावेही लिहिली गेली नाहीत. जुन्या चिकटवहीत हात लिहिता असे. छायाचित्राच्या अल्बममध्ये तो थांबला. चित्रच सर्व काही सांगेल, असा आपला समज झाला.

चित्र खरोखर सर्व सांगते काय? अलीकडच्या मानसशास्त्राने दिलेले उत्तर विचारात पाडणारे आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणीची छायाचित्रे दाखवण्यात आली. त्यांत एक बनावट होते: ती व्यक्ती लहानपणी उष्ण हवेच्या फुग्यात बसल्याचे. तसे कधी घडलेच नव्हते. तरी तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना ती फुग्याची सफर थोडीबहुत 'आठवू' लागली. २०१४ साली लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिले, की संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे लोकांनी नुसती टिपली, त्या वस्तू त्यांना केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. याउलट रॉबिन फिवश आणि एलेन रीस यांच्या संशोधनातून असे दिसले, की ज्या माता मुलांशी गत प्रसंगांविषयी सविस्तर बोलतात, "मग काय झाले? कोण होते? तुला काय वाटले?" असे विचारतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव असतात. सांगितल्याने, विचारल्याने आणि लिहिल्याने आठवण घट्ट होते. एकटे चित्र मुके असते. कधी कधी तर ते खोटेही बोलते.

दुसरा धोका खुद्द कागदाचा. जुना कागद चिंध्यांपासून होई आणि शतकानुशतके टिके. १८४४ च्या सुमारास लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली आणि कागद स्वस्त झाला. परंतु लाकडातील लिग्निन आणि कागदाला दिलेली तुरटी-राळेची खळ यांमुळे तो आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी हातात तुटतो. चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणाचे आम्ल शेजारच्या छायाचित्रालाही खाते. त्यातच १९७० च्या दशकापासून चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पडदा असलेले अल्बम आले. त्यांना 'मॅग्नेटिक' म्हणत, पण त्यांत लोहचुंबक नव्हते, होता तो गोंद. त्याने कित्येक घरांतील चित्रे कायमची पानांना जखडून टाकली आणि डागाळली. त्याच काळातील रंगीत छायाचित्रे आज तांबूस पडलेली दिसतात, कारण त्यांतील रंग अल्पायुषी होते.

या दुखण्यावर उपाय शोधला तो एका गृहिणीने. अमेरिकेतील युटा राज्यातील मॅरिएलेन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाची चित्रे, पत्रे व मुलांची कामे टिकाऊ पानांवर लावून त्यांखाली हकिकती लिहिण्यास सुरुवात केली. १९८० साली सॉल्ट लेक सिटी येथे भरलेल्या वंशनोंदींच्या जागतिक परिषदेत त्यांनी अशा ५० वह्या मांडल्या. पाहणाऱ्यांनी विचारले, हे साहित्य कुठे मिळते? त्यातून आधी एक दुकान आणि मग एक मोठा छंद-उद्योग उभा राहिला. १९९४ साली टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले. या उद्योगाने पुढे रंगीत फिती आणि चकाकत्या ताऱ्यांचा पसारा मांडला, हे खरे. मूळ बाईंचा आग्रह मात्र दोनच गोष्टींचा होता: कागद चांगला असावा आणि खाली लिहिलेले असावे.

आपल्याला हे नवे वाटू नये. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहांची वही ठेवण्याची आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे नोंदवण्याची आज्ञा केली. त्यामुळेच आज आपल्यापैकी कुणीही चर्चच्या नोंदवहीत आपल्या पणजोबांचे नाव शोधू शकतो. परंतु नोंदवही नाव सांगते, तारीख सांगते. पणजोबा मुलांना खांद्यावर घेऊन यात्रेला नेत असत, हे ती सांगत नाही. ते घराने लिहायचे असते. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर, घरीच झाली. तरी १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे'ने मराठीला अमोल ठेवा दिला. त्यांच्याजवळ मोठे घबाड नव्हते; घरातले बारीकसारीक प्रसंग होते आणि ते सांगण्याची हौस होती.

आज आपल्या घरांत छायाचित्रांचा तुटवडा नाही. एका नाताळात एका भ्रमणध्वनीवर शेकडो चित्रे निघतात आणि यंत्र बिघडले की एका क्षणात नाहीशी होतात. उणीव आहे ती ओळींची. आजोळच पुसट होत चालले आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, कित्येक बावखले बुजली, रहाट थांबले. ज्या मुलांनी ते पाहिले ती आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यामागे अल्बममधील रांगेत उभी असलेली ती माणसे कोण, हे सांगणारे कुणी उरणार नाही.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. येत्या सुट्टीत घरातील जुना अल्बम काढा, आणि घरातील सर्वांत वडील व्यक्तीला मध्ये बसवा. मुलांनी विचारावे आणि लिहून घ्यावे. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे, गाव आणि वर्ष लिहावे. वर्ष ठाऊक नसेल तर "सुमारे" असे लिहावे. ठोकून देऊ नये. चित्र नव्या वहीत लावताना खळ किंवा गोंद त्याच्या अंगाला लावू नये. कागदी कोपरे पुरेसे होतात, आणि कसर व वाळवी यांना खळ फार आवडते. वर्तमानपत्राच्या कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढून ती लावावी. वही पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नये. भ्रमणध्वनीवरील शेकडो चित्रांतून दरवर्षी बारा निवडून छापून घ्यावीत. जुन्या रोलने घातलेली ती मर्यादा शहाणपणाची होती. आणि शेजारचे अर्धे पान मोकळे सोडावे, ज्याचे चित्र निघत नाही त्याच्यासाठी: कुठला वास होता, कोण काय म्हणाले, आजीने कुठला शब्द वापरला. तो शब्द तिच्या बोलीत, तिने उच्चारला तसाच लिहावा.

एवढे केले तर मुलांच्या हाती त्यांची स्वतःची सुट्टी राहील, आणि तिच्या मागच्या पानांवर त्यांच्या आजीची सुट्टीही असेल.